दादांच्या भाषणाचं मूल्यमापन

१३ सप्टेंबर, शनिवार

काल कॉलेजात 'पहिली पिढी' सोहळा झाला आणि आज त्याचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं. प्राचार्य प्रियदर्शनी मॅडमनी सकाळीच बोलावून सांगितलं, "संग्राम सर, दादांच्या भाषणाची परिणामकारकता किती, याचा अहवाल पाहिजे. आकड्यांत. नऊ ऑक्टोबरच्या पालक मेळाव्यात मांडायचाय." दादा म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव अमरसिंह दादा. भाषण परिणामकारक ठरलं की ते संस्थेच्या अकराही कॉलेजांत होणार. भाषण होऊन गेल्यावर ते कसं मोजायचं हे ठरवणं म्हणजे वरातीमागून घोडं. पण तासिका तत्त्वावरच्या मराठीच्या मास्तरला घोडं दिलं की त्यानं निमूट त्याच्यावर बसायचं असतं.

सोहळा तसा झकास झाला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली त्रेसष्ट मुलं-मुली निवडली, सगळ्यांना गुलाबी फेटे बांधले आणि पुढच्या तीन रांगांत बसवलं. कोल्हापुरात फेट्याशिवाय कौतुक पचत नाही. मागे बाकीची मुलं, त्यांच्या मागे पालक. दादा चाळीस मिनिटं बोलले. त्यातली तीस नेहमीचीच, 'आम्ही अनवाणी शाळेत जायचो' छापाची. पण मग त्यांनी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या अक्षताला उभं केलं. तिची आई तानूबाई पालकांत बसली होती, तिला स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, आणि तिचा उजवा हात धरून अंगठा वर केला. म्हणाले, "हा अंगठा बघा. या अडाणी माउलीला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही. मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर तिनं हा अंगठा उठवला, आणि त्याच अंगठ्यानं घडवलेली ही लेक आज वर्गात पहिली आहे." टाळ्या थांबेनात. माझ्या अंगावर काटा आला.

हे उदाहरण दादांना मी पुरवलं होतं. त्यांना प्रत्येक भाषणात एक 'स्थानिक उदाहरण' लागतं, आणि ते चिठ्ठीवर लिहून द्यायची आमच्याकडे पद्धतच आहे. मी ऑफिसात जाऊन अक्षताची फाइल काढली, फॉर्म बघितला, चार ओळी लिहिल्या आणि चहाच्या बशीखालून सरकवल्या. भाषण संपल्यावर जो तो म्हणत होता, दादांचं निरीक्षण दांडगं. चिठ्ठीचं नाव कुणी काढलं नाही. मॅडमनीसुद्धा नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?

१५ सप्टेंबर, सोमवार

प्रश्नावली तयार केली. दहा प्रश्न. मॅडमनी तांबड्या पेनानं दुरुस्त करून परत दिली. 'या भाषणाने तुमचा आत्मविश्वास वाढला का?' याला मी हो, नाही, सांगता येत नाही असे पर्याय ठेवले होते. आता ते 'खूप', 'बऱ्यापैकी' आणि 'थोडा' असे आहेत. न वाढण्याची सोय काढून टाकली. वर नाव आणि रोल नंबर सक्तीचा. मी म्हटलं, मॅडम, नाव घातल्यावर कोण खरं लिहील? त्या म्हणाल्या, "आपली मुलं खोटं लिहितात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

१७ सप्टेंबर, बुधवार

दोनशे चौदा फॉर्म आले. 'भाषण कसं वाटलं?' याला दोनशे नऊ जणांनी 'अतिशय प्रभावी'वर खूण केलीय. चार कोरे. एका पठ्ठ्यानं तिन्ही पर्यायांवर खुणा केल्यात, न जाणो कुठला तरी बरोबर यायचा. सूचनांच्या रकान्यात 'वडा गार होता' सत्तावीस वेळा आणि 'फेटा घरी न्यायला मिळाला पाहिजे' अकरा वेळा.

डोकं उठलंय. वर्षभर मी यांना सांगतोय की मनातलं लिहा, आपल्या शब्दांत लिहा. तर सगळ्यांनी एकाच शेजाऱ्याचं बघून लिहावं तसं लिहिलंय. फक्त एका प्रश्नाला जीव आहे. 'भाषणातला कोणता भाग लक्षात राहिला?' त्याला जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर, 'अक्षताच्या आईचा अंगठा.' म्हणजे भाषणातली जी दोन मिनिटं माझी होती, तेवढीच उरली. हे अहवालात कसं लिहायचं याचा विचार करतोय.

अक्षताचा फॉर्म नाही. ती सोमवारपासून आलेली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर अक्षता नाही. पहिल्या बाकावरची मुलगी, मी शब्द चुकलो तर हळूच मान हलवणारी. ती नसली की वर्गात शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मुलींना विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या. लग्न ठरलं असणार. एवढी चाळीस मिनिटं दादा घसा फोडून सांगतात आणि घरची माणसं आठ दिवसांत स्थळ बघून मोकळी होतात. खरंच, कुणासाठी राबायचं?

२२ सप्टेंबर, सोमवार

भाषणाचा परिणाम दाखवणारा पुरावा कुठे मिळतो का म्हणून वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चाळला. मिळाला. सोहळ्यानंतर दोन दिवसांनी अक्षतानं विचारलं होतं, 'गुरुवारच्या नोट्स कुणी पाठवेल का?' त्याखाली एकतीस जणांनी अंगठा टाकलाय. एरवी या ग्रुपवर कुणी कुणाला विचारत नाही, त्या मुलीला एकदम एकतीस जणांचा पाठिंबा. नोट्स मात्र एकानंही पाठवल्या नाहीत, विसरली असतील. त्यानंतर तिनं विचारलं, 'कुणीच नाही का?' पुन्हा चोवीस अंगठे. मग 'अक्षता यांनी ग्रुप सोडला.' चुकून बटण दाबलं गेलं असेल.

अहवालात 'सहाध्यायींमध्ये वाढलेली आपुलकी' असं उपशीर्षक घातलं. एकतीस अधिक चोवीस.

२४ सप्टेंबर, बुधवार

बाबांना भाषणाची चित्रफीत दाखवली. आमच्या घरात पहिली पिढी म्हणजे बाबा. आजऱ्याजवळच्या खेड्यातून कोल्हापूरला येऊन बी.ए. झाले, हायस्कुलात तीस वर्षं शिकवलं, राजारामपुरीत हा फ्लॅट घेतला. मी आयता शिकलो. म्हटलं, यांचं मत अहवालाला वजन देईल.

बाबांनी ती दोन मिनिटं तीनदा बघितली. मग म्हणाले, "त्या बाईला माइक दिला का न्हाई नंतर?"

मी म्हटलं, "नाही. वेळ कुठं होता?"

"ती कायतरी बोलतीया बघ हितं. तोंड हलतंय तिचं."

"आभार मानत असेल."

"भाषण कसं झालं ते ऐकणाऱ्यास्नी इचारतोयस तू. ज्येच्यावर झालं, त्येला इचारलंस व्हय?"

बाबांना कार्यक्रमाचं वेळापत्रक वगैरे काही कळत नाही. रिटायर झाल्यापासून प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय लागलीय. मी मोबाइल काढून घेतला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसातून यादी आली. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख दहा ऑक्टोबर आणि अक्षतानं फॉर्म भरलेला नाही. तो राहिला तर पोरीचं वर्ष गेलं. मॅडम म्हणाल्या, "काहीही करून आणा तिला. दादा जिचं नाव घेतात तीच कॉलेज सोडते म्हणजे काय?" त्यांची काळजी दादांची आहे, माझी अक्षताची. निदान मला तरी असं वाटतं.

फोन लावला. तिनं घेतला, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "सर, मी आता कामाला जाते." फोन बंद. लग्नबिग्न काही नाही तर.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी तास संपल्यावर गाडी काढली आणि पेठ वडगावला गेलो. अक्षता आणि तिची आई गावाबाहेरच्या एका नर्सरीत कामाला आहेत. उसाची रोपं लावायचे ट्रे भरायचे, दिवसभर ओणवं राहून. फाटकाशीच एका बाईनं विचारलं, "पावणं, कुणाकडं?" मी नाव सांगितलं. ती बाई, शालूबाई तिचं नाव, मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "तुमीच व्हय त्या अंगठ्याच्या कार्यक्रमाचं सर? आमचं पोरगं हाय तुमच्याकडं. त्येनं घरला येऊन सगळं करून दावलं." आणि तिनं स्वतःचा हात धरून अंगठा वर केला. बाकीच्या बायका हसल्या. तानूबाई हसल्या नाहीत, त्या ट्रे भरत होत्या.

अक्षता हात धुऊन आली. मी फॉर्मचं, तारखेचं, तिच्या हुशारीचं सगळं बोलून घेतलं. तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली,

"सर, आईला सही येती."

मला कळेना. "कधीपासून?"

"मी अॅडमिशन घेतलं तवा अंगठा दिला हुता, ते खरं हाय. तवा तिलाच लाज वाटली. म्हणाली, मला शिकीव. नळाला पाणी यायच्या आधी अर्धा तास रोज बसवत हुते तिला. दोन वर्षं. आता दुकानाच्या पाट्या वाचती, माझी पुस्तकंबी वाचती अडखळत. त्या दिवशी कार्यक्रमाला कशाला आली म्हायतीय? दारात तुमची वही असती सही करायची. कॉलेजच्या वहीत सही करायची म्हणून आली. सही करूनच आत गेली."

तानूबाई जवळ आल्या होत्या. म्हणाल्या, "म्या म्हटलं की त्येंना हळूच, सही येती मला. पर माईक त्येंच्या तोंडाफुडं. हातात नारळ, खांद्यावर शाल, खाली एवढी माणसं. मोठ्या माणसाशी कुठं भांडत बसायचं तितं?"

मग अक्षतानं पुढचं सांगितलं. नर्सरीत रोज हजेरीच्या वहीत तानूबाई सही करायच्या. भाषणानंतर बायका म्हणायला लागल्या, स्टेजवर अंगठा आणि इथं सही, खरं कुठलं गं? पोरीनं कोरून दिलेलं गिरवत असशील. आणि तानूबाई म्हणाल्या, असू दे, अंगठाच घ्या. त्या दिवसापासून अंगठा. घरीसुद्धा पेन हातात घेत नाहीत. वर्गातल्या पोरांचं ती वेगळं बोलली नाही, फक्त म्हणाली, "ग्रुपवर बघितलासा न्हवं?" मी मान डोलावली. तेव्हा कुठे ते एकतीस आणि चोवीस अंगठे मला कळले.

"ती सही करूस्तवर मी कॉलेजला येणार न्हाई सर."

"हिला समजवा की वो," तानूबाई म्हणाल्या, "माझं काय, माझा जलम गेला. हिचं वरीस जाईल."

अक्षतानं विचारलं, "दादांना हे सांगितलं कुणी?"

मी म्हणालो, ऑफिसातून माहिती गेली असेल.

असं म्हणालो. नंतर त्यांच्याबरोबर चहा प्यालो आणि परत आलो.

३० सप्टेंबर, मंगळवार

माझ्याच कपाटात ती वही आहे. पालकांच्या उपस्थितीची. कार्यक्रमाच्या दिवशी दारात टेबलामागे मीच बसलो होतो. पान दुसरं, ओळ चौदावी. तानूबाई, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे आडनाव, तिन्ही पूर्ण. अक्षरं मोठी, गोल, एकेक वेगळं काढलेलं. आडनाव रकान्यात मावलं नाही म्हणून शेजारच्या रकान्यात गेलंय. आजूबाजूला शिकल्यासवरल्यांच्या सह्या आहेत, एकीतलं एक अक्षर लागत नाही.

ही बाई माझ्यासमोर उभं राहून सही करून गेली आणि मी अर्ध्या तासानं दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म बघून चिठ्ठी लिहिली की तिला नाव लिहिता येत नाही. 'अडाणी' हा शब्दसुद्धा दादांचा नाही, चिठ्ठीत मीच लिहिला होता, वजन येतं म्हणून. मुलांना वर्षभर सांगतो, लिहिण्याआधी बघा.

'सहाध्यायींमध्ये वाढलेली आपुलकी' हे पान फाडलं. स्वतःची चीड येते म्हणजे काय होतं ते आज कळलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल नव्यानं लिहून मॅडमना दिला. शेवटी 'भाषणाचा प्रत्यक्ष परिणाम' म्हणून तानूबाईंची हकीकत आणि वहीतल्या पानाची झेरॉक्स. मॅडमनी सगळं वाचलं. दोनदा वाचलं, हे मी नाकारणार नाही. मग ते शेवटचं पान काढून बाजूला ठेवलं.

"वाईट झालं. पण सर, अहवाल भाषणाचा आहे, तानूबाईंचा नाही. एका तपशिलानं भाषण पडत नाही. अठ्ठ्याण्णव टक्के आलेत, तेवढं मांडा."

"मॅडम, मुलगी कॉलेज सोडतेय."

"तिच्याशी मी बोलते. मेळाव्यात चित्रफीत दाखवायचीय, अंगठ्याची दोन मिनिटं हवीतच, दादांनी मुद्दाम सांगितलंय. सूत्रसंचालन तुमच्याकडे." मग उठता उठता, "मार्चमध्ये तुमच्या तासिकांचं नूतनीकरण आहे, ते मी मध्ये आणत नाही."

मध्ये आणत नाही म्हणून बरोबर मध्ये आणून ठेवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. मी बाहेर आलो. शिपाई ज्ञानूमामा म्हणाले, "चेहरा का पडलाय सर?"

६ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमनी अक्षताला फोन केला होता. ती म्हणाली म्हणे, विचार करून सांगते. मॅडम खूश. मी ओळखतो तिला. ती विचार आधीच करून बसलीय.

बाबांना आज सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. वाटलं होतं, त्या दिवशी मी म्हटलंच होतं, असं म्हणतील. तसं झालं नाही. उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "चिठ्ठी तुजी व्हती हे तिला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग तू अजून भाषणच मोजत बसलायस."

राग आला. खरं बोललं की येतो तसा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षताला फोन केला. म्हटलं, नऊ तारखेला आईला घेऊन मेळाव्याला ये. ती म्हणाली, "कशाला, परत अंगठा वर करायला?" मी म्हटलं, नाही. मग चिठ्ठीचं सांगितलं. ती चिठ्ठी मी लिहिली होती, ऑफिसानं नाही, आणि नर्सरीत मी खोटं बोललो. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "हे मला फोनवर सांगून काय उपयोग, सर? ज्या हॉलात झालं, तितं सांगा." आणि खरोखर कटला.

येणार की नाही ते बोलली नाही. तीन दिवसांनी फॉर्मची तारीख संपते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजच लिहितो. उद्यावर टाकलं तर सगळं माझ्याच सोयीनं आठवेल.

हॉल भरला होता. स्टेजवर दादा, मॅडम, दोन विश्वस्त. दारातल्या टेबलावर आज ज्ञानूमामा होते. मी माइकपाशी उभा राहून दाराकडे बघत होतो. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, तरी त्या दोघी नाहीत. अहवाल वाचायची वेळ आली तेव्हा मागच्या दारातून आत आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. अक्षता मधल्या वाटेच्या कडेला, तानूबाई आत. दारात सही केली की अंगठा दिला, ते स्टेजवरून दिसलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

मी आकडे वाचले. दोनशे चौदापैकी दोनशे नऊ, अठ्ठ्याण्णव टक्के, अतिशय प्रभावी. टाळ्या. दादा हात जोडून उठले, बसले. पडदा खाली आला. आता मी म्हणायचं होतं, 'पाहू या तो अविस्मरणीय क्षण.'

मी म्हणालो, "चित्रफितीच्या आधी एक दुरुस्ती सांगायची आहे." दादा हसतच होते, त्यांना प्रास्ताविक वाटलं असणार. मी कागदावर लिहून आणलं होतं, ते वाचलं. की त्या दिवशी ज्यांचा अंगठा आपण सगळ्यांनी बघितला, त्या तानूबाईंना लिहितावाचता येतं. की त्या मुलीकडून दोन वर्षं रोज शिकल्यात, आणि त्या दिवशी या हॉलमध्ये सही करून आल्या होत्या. की चुकीची माहिती देणारी चिठ्ठी माझी होती, त्यातला 'अडाणी' हा शब्दही माझा होता, मी जुना फॉर्म बघितला आणि समोरचं माणूस बघितलं नाही. चित्रफितीतली ती दोन मिनिटं दाखवू नयेत अशी माझी विनंती आहे. दादांना चिठ्ठी तशी मिळाली, त्यांचा दोष नाही, असंही वाचलं. यात दादांना वाचवलं की मार्चमधल्या तासिकांना, ते अजून ठरवता आलेलं नाही.

वाचलं म्हणजे, खाली मान घालून, भरभर, माइकपासून हातभर लांब उभं राहून वाचलं. संपवलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली. हॉलमध्ये कुजबुज होती. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढच्या रांगेतला कुणीतरी शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाले ओ हे?

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं अक्षता उठली. पण ती बसलेलीच होती आणि वर बघत होती. तानूबाई उभ्या होत्या. हातात काही नव्हतं, खांद्यावर रोजचाच पदर.

"सर," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या लांबून माइकशिवाय त्यांचा आवाज थेट स्टेजपर्यंत आला, "मागं कायसुदिक ऐकाय आलं न्हाई. परत सांगा की. जरा मोठ्यानं."

सगळा हॉल मागे वळला. मी दादांकडे बघितलं नाही. माइक जवळ ओढला आणि कागद न काढता चिठ्ठीपासून सुरुवात केली. माझं सांगून संपेपर्यंत तानूबाई उभ्याच राहिल्या.